‘उचललंय’ म्हणण्याआधी

मुलुंडच्या कालिदासला असो की बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत कुणीतरी हमखास म्हणतं, “हे तर तिकडून उचललंय!” नाटक पौराणिक असेल तर, “मूळ कथेत असं नाहीच!” बरेचदा दोन्ही खरं असतं. विनंती एवढीच, की तिथेच थांबू नका.

मुलुंडच्या नाट्यगृहाला ज्याचं नाव दिलंय, त्याचंच बघा. शकुंतलेची कथा कालिदासाच्या आधीची, महाभारताच्या आदिपर्वातली. तिथे अंगठी नाही, दुर्वासाचा शाप नाही. दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो भर दरबारात तिला ओळख देत नाही. तीही कच्च्या गुरूची चेली नाही. आपल्या मुलालाच गादी मिळावी, ही अट तिने लग्नाआधीच घातलेली असते. दरबारात ती राजाला चांगले खडे बोल सुनावते. कालिदासाने शाप आणला, अंगठी हरवली आणि ती माशाच्या पोटातून कोळ्याच्या हाती दिली. खोटं बोलणारा राजा शापाने विसरलेला राजा झाला. नाटकाला विरह मिळाला, राजाची अब्रू वाचली. शकुंतलेच्या बोलण्याला मात्र पूर्वीची धार राहिली नाही. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात तेच नाटक मराठी पदांसह उभं केलं आणि संगीत रंगभूमीचा सुवर्णकाळ सुरू झाला.

‘ती फुलराणी’चंही तसंच. ओव्हिडच्या कथेत शिल्पकाराची मूर्ती जिवंत होते, पण तोंडातून शब्द काढत नाही. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली एलायझा प्राध्यापकाला उलट विचारते, आणि पुलंची मंजुळा तर अस्सल मराठी ठसक्यात त्याची खरडपट्टी काढते.

तेव्हा पुढच्या वेळी जाहिरातीत ‘आधारित’ दिसलं, तर वाचनालयातून मूळ पुस्तक आणा. सगळं जमत नसेल तर एखादाच प्रसंग शेजारी ठेवून वाचा. काय गाळलं, काय नवं घातलं, झुकतं माप कोणाला दिलं, एवढं तपासा. नुसती नावं बदललेली दिसली, तर खुशाल नावं ठेवा. मूळ लेखकाचा उल्लेखच नसेल, तर निर्मात्याला तसं स्पष्ट विचारा.

आणि घरात शाळकरी मुलं असतील, तर त्यांना शकुंतलेच्या दोन्ही गोष्टी सांगा. कोणता दुष्यंत खरा वाटतो, ते विचारा. वाद होईल. होऊ द्या.