टर्बोवाल्यांनो, जरा दगडावर या!

"टर्बो म्हणजे फुकटची ताकद" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, फुकट काही नसतं! टर्बाइन एक्झॉस्टची वाट अडवतं, त्याची किंमत इंजिनच मोजतं. सुपरचार्जर क्रँकवरच्या बेल्टने फिरतो, ताकद खातो, मान्य. पण उघडपणे खातो.

टोयोटा टॅकोमाचं (२००५-२०१५) ४ लिटरचं व्ही-६ इंजिन घ्या. मूळ २३६ हॉर्सपॉवर. टीआरडीचा सुपरचार्जर मिळायचा, तो बसवला की ३०४. आकडा सोडा हो, मुद्दा वेगळाच आहे. खडक चढताना इंजिन १५०० आरपीएमला रांगत असतं. एक्झॉस्टच एवढासा, टर्बो फिरणार कशाने? पाय दाबा, काही नाही. आणखी दाबा... आणि मग एकदम बूस्ट येतो, चाक सुटतं, गाडी कुठे जाईल देव जाणे. शेजारी दरी असेल तर बघायलाच नको. रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा ढकलतो, पाय हलला की गाडी हलते.

"मग छोटा टर्बो लावा ना!" लावा की. लवकर जागा होईल, आणि हायवेवर वरच्या आरपीएमला धापा टाकेल.

कोलोरॅडोतल्या १२००० फुटांवरच्या खिंडीत मात्र टर्बोच भारी, विरळ हवेची बरीच भरपाई करतो. डिझेलला तर टर्बोच हवा, तिथे वाद नाही.

बाकी ३३ इंची टायर घालून मूळ गिअरवरच फिरणाऱ्यांनी या भांडणात पडूच नये. आधी डिफरन्शियलचे गिअर बदला. खर्च बराच कमी, आणि वर ९१ ऑक्टेनचं महागडं पेट्रोलही लागत नाही.