मणक्याचा कडक पट्टा: गरज किती आणि बिल कोणाचे?

हिरडा काढताना झाडावरून पडणे, पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकी घसरणे, आजी बाथरूममध्ये पाय घसरून पडणे. जुन्नर-आंबेगावच्या घरांना ही कारणे नवीन नाहीत. एक्स-रेत मणका दबलेला दिसतो आणि हातात चिठ्ठी येते: "ब्रेस घेऊन या." पुष्कळदा रुग्णालयाच्याच मेडिकलमधून.

या शेवटच्या मुद्द्यावर ४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खासगी रुग्णालये आपल्याच दुकानातून औषधे, इम्प्लांट व साहित्य घ्यायला लावतात, अशी ती याचिका होती. न्यायालयाने सरसकट आदेश दिला नाही. धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने "इथूनच औषध घेणे बंधनकारक नाही" असा फलक लावण्यास सांगितले. फलक औषधांचा असला तरी ब्रेसबाबतही तुम्ही हाच प्रश्न विचारू शकता. मात्र त्याआधीचा प्रश्न आहे तो गरजेचा.

पट्टा आणि ब्रेस एक नव्हे

कापडी, आत पट्ट्या असलेला तो एलएस बेल्ट, म्हणजे कमरेचा पट्टा. धातूच्या किंवा प्लास्टिकच्या सांगाड्याचा, छातीपासून कमरेपर्यंत येणारा तो कडक ब्रेस (टेलर ब्रेस, टीएलएसओ). दोघांचे काम वेगळे आणि किंमतही. बिलावर नेमके काय लिहिले आहे आणि अंगावर काय बांधले आहे, हे पडताळून पाहा.

कधी उपयोग होतो?

- साधी कंबरदुखी, सायटिका: ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्येच पट्टे देऊ नयेत अशी शिफारस केली. हालचाल आणि व्यायाम जास्त उपयोगी.
- पडल्यामुळे दबलेला मणका, पायांची ताकद शाबूत: २०१४ मध्ये कॅनडात अशा ९६ रुग्णांवर अभ्यास झाला. कडक ब्रेस घातलेल्यांचा आणि न घातलेल्यांचा निकाल जवळपास सारखाच आला. मात्र हे निवडक, स्थिर फ्रॅक्चर होते. तुमचे फ्रॅक्चर स्थिर आहे का, हे हाडांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.
- हाडे ठिसूळ झाल्याने दबलेला मणका: २०१४ च्याच कोरियातील ६० रुग्णांच्या अभ्यासात कडक, मऊ आणि बिनब्रेस या तिन्ही गटांत बारा आठवड्यांनी मोठा फरक नव्हता. इथे हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध विसरू नका. ब्रेसने हाड मजबूत होत नाही.
- वाढत्या मुलांमधील मणक्याचा बाक: इथे ब्रेसचा फायदा स्पष्ट आहे. २०१३ च्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात ब्रेस वापरलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेला नाही. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. जितके तास जास्त वापर, तितका परिणाम चांगला.

याचा अर्थ सांगितलेला ब्रेस स्वतःहून काढून टाका असा नाही. अस्थिर फ्रॅक्चर, शस्त्रक्रियेनंतरचा काळ किंवा मणक्याचा क्षयरोग असेल तर डॉक्टर विचारपूर्वकच ब्रेस देतात.

बिलाचे गणित

१. मेडिक्लेम: विमा नियामकाच्या मार्गदर्शक सूचनांत पॉलिसीत न धरल्या जाणाऱ्या ६८ बाबींची यादी आहे. त्यात बेल्ट-ब्रेस आणि कमरेचा पट्टा दोन्ही आहेत. म्हणून "कॅशलेस" असूनही ही रक्कम अनेकदा खिशातून जाते. तुमच्या पॉलिसीत अशा वस्तूंसाठी जादा कवच आहे का, ते बघा.

२. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: २०२३ च्या निर्णयानुसार राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. उपचार योजनेत मंजूर असेल तर ब्रेस पॅकेजमध्ये धरला आहे का, हे पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. हेल्पलाइन १५५३८८.

३. छापील किंमत: तिच्यात सगळे कर धरलेले असतात, वर वेगळा जीएसटी लावता येत नाही. वर्षभरात ती १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, पण मुळात किती छापावी यावर ब्रेससाठी मर्यादा नाही. म्हणून छापील किंमत म्हणजे वाजवी किंमत नव्हे. नारायणगाव, मंचर किंवा पुण्यात एक-दोन दुकानांत विचारून घ्या.

ब्रेस घेण्याआधी पाच प्रश्न

- डॉक्टर, हा नेमका कशासाठी? नाही घातला तर काय होईल?
- कोणता प्रकार, कोणते माप? चिठ्ठीवर लिहून द्याल का?
- किती आठवडे, दिवसाचे किती तास, झोपताना घालायचा का?
- बाहेरून आणला तर बसवून, तपासून द्याल का?
- पक्के बिल मिळेल ना?

बाहेरून आणलेला ब्रेस न तपासता वापरू नका. चुकीच्या मापाचा ब्रेस बरगड्या आणि कमरेच्या हाडावर घासून जखम करतो. आत पातळ सुती बनियन घाला आणि रोज त्वचा पाहा. विनाकारण महिनोन् महिने वापरल्यास पाठीचे स्नायू कमजोर होतात.

थांबू नका

पायांत कमजोरी, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी अडकणे किंवा नकळत होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे असेल तर क्षयरोगाची तपासणी हवी. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अशा दुखण्यावर नुसता पट्टा बांधून बसलात तर निदानाला उशीर होतो आणि त्याची किंमत कोणत्याही ब्रेसपेक्षा जास्त असते.