ऑर्बिटमध्ये एक 'ल' वाढला की काय होतं?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान माझा विषय नाही. तरी अणूवर लिहितोय, कारण हा घोटाळा मला निम्मा भाषेचा वाटतो.

ऑर्बिटला उर्दूत मदार म्हणतात, मराठीत कक्षा. मदार म्हणजे फिरण्याची जागा. दौरा, दायरा हे त्याच कुळातले शब्द. (मराठीत आपण मदार ठेवतो ती माणसांवर, तो भाग वेगळा.) दहावीपर्यंत आपल्या मुलांच्या मनात सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन फिरत असतात. अकरावीला सगळं इंग्रजीत येतं आणि समोर 'ऑर्बिटल' उभं राहतं. मूल समजतं, हे ऑर्बिटचंच भावंड असणार.

नात्यातलं आहे, पण स्वभाव अगदी वेगळा. नील्स बोर यांनी 1913 मध्ये ठरावीक त्रिज्येच्या कक्षा मांडल्या. हायड्रोजनच्या वर्णपटाचं कोडं त्यांनी सुटलं, पण दोन इलेक्ट्रॉनच्या हेलियमपाशीच गाडी अडली. 1926 मध्ये श्रोडिंगर यांचं समीकरण आलं, मॅक्स बॉर्न यांनी त्याचा अर्थ शक्यतेच्या भाषेत लावला आणि इलेक्ट्रॉनची आखीव वाट संपली. पुढे 1932 मध्ये रॉबर्ट मुलिकन यांनी ऑर्बिटल हा शब्द रूढ केला. तो वाटेचं नाव नाहीच. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे ज्यातून काढता येतं ते ते गणित आहे. पुस्तकातले गोल नि डंबेल त्या गणिताची चित्रं.

हायड्रोजनच घ्या. बोर म्हणतात, इलेक्ट्रॉन केंद्रकापासून 0.529 अँगस्ट्रॉमवर फिरतो. नव्या गणितातही सर्वांत संभाव्य अंतर तेवढंच निघतं, पण त्या अंतराच्या आत तो सापडण्याची शक्यता सुमारे 32 टक्केच. उरलेली बाहेर. शिवाय या सर्वांत खालच्या अवस्थेत त्याचा कक्षीय कोनीय संवेग शून्य असतो. मग तो गोल गोल फिरतो असं म्हणायचं कशाच्या जोरावर?

परीक्षेत याचे गुण जातात. तिसऱ्या कवचात 18 इलेक्ट्रॉन मावतात, पण त्यात ऑर्बिटल 9 असतात आणि प्रत्येकात जास्तीत जास्त 2. दोन शब्द एकच मानणारं मूल इथे हमखास अडखळतं. मग घरचे म्हणतात, इंग्रजी कच्चं आहे, सायन्स सोडून दे. ज्यांच्याकडे शिकवणीला पैसे असतात त्यांची मुलं टिकतात. आपल्या वस्तीतल्या मुली तर पहिल्या सहामाहीतच आर्ट्सला जातात.

बोरचं चित्र आठवीतून काढा असं मी म्हणत नाही, त्याच्याशिवाय संयुजा शिकवणं अवघड. पण ते फळ्यावर काढतानाच, मूल घरी बोलतं त्या भाषेत सांगायला हवं की हे प्रारूप आहे, अणूचा फोटो नाही. आणि दहावीच्या निकालानंतरच्या रिकाम्या आठवड्यांत ऑर्बिटल हा शब्द एकदा उर्दूत किंवा मराठीत समजावून द्यावा. विज्ञानाच्या शिक्षकांना दोन तास काढता येतील का? शब्दांची बाजू सांभाळायला मी येईन.