तंत्रस्नेही आणि बाकीचे

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. बालभारतीच्या पुस्तकांतही आता असे कोड आहेत. पण डिसले गुरुजींच्या कोडमागे त्यांनी स्वतः रचलेला पाठ होता. इतर शिक्षकांसाठी कोडमागे दुसऱ्या कुणीतरी बनवलेला व्हिडिओ असतो. तो उघडायचा स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटा पॅकवर. सरकारच्या दीक्षा ॲपवर साहित्य आधी उतरवून ठेवता येते, ही सोय चांगलीच. पण त्यासाठी आदल्या दिवशी सवड आणि उत्साह दोन्ही लागतात.

मग शिक्षकाला सगळे तयारच द्यावे का? बटण दाबले की पाठ सुरू! या मताला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीची मुले पडद्यावरच्या गाण्यात रमली, तर गुरुजींना चौथीला भागाकार नीट शिकवता येतो. मात्र व्हिडिओ सलग वीस मिनिटे चालला की शिक्षक बाजूला उभा राहतो, आणि मुलांना काय कळले हे विचारायचे राहून जाते. याउलट सगळे शिक्षकावर सोपवले तर तंत्रस्नेही शिक्षक सुंदर काम उभे करतात. त्यांची बदली झाली की लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर कापड चढते.

खरी गफलत होते ती कौशल्य आणि इच्छा एकच समजण्यात. फळ्यावर अपूर्णांक उत्तम शिकवणाऱ्या, पण फोनला बिचकणाऱ्या बाईंना नुसता सराव हवा असतो. मोबाईलमध्ये तरबेज तरुण शिक्षकाला सराव नको, वर्गात उपयोग दिसायला हवा. आपण दोघांना एकाच प्रशिक्षणात बसवतो.

शिवाय ही इच्छा आपणच खर्ची घालत असतो. यू-डायसवर शाळेची आकडेवारी, पोषण आहाराची माहिती, परिसरातील शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपक्रमाचे फोटो: पडदा म्हणजे वर पाठवायची माहिती, अशीच अनेकांची त्याच्याशी ओळख झाली आहे. त्यात व्हिडिओ किती मिनिटे चालला याची नोंद मागितली, तर शिक्षक तो रिकाम्या वर्गातही चालवेल. सार्वजनिक पैशाचा हिशेब लागतो, हे मान्य. तो मुलांच्या आकलनावरून घ्यावा. हे जास्त कष्टाचे आहे, तरीही.

माझा कौल असा. लॉगिन, ओटीपी, इंटरनेट यांवाचून पाठ सुरू व्हावा. दोन-तीन मिनिटांनी तो एका प्रश्नाशी आपोआप थांबावा, म्हणजे बाई खडू हातात घेऊन पुढचे शिकवतील. ज्याला हौस आहे त्याला त्याच पाठात आपला प्रश्न, आपल्या गावच्या ओढ्याचा फोटो घालता यावा. इंटरनेटशिवाय चालणारे साहित्य अभ्यासक्रम बदलला की जुने होते, ही या मार्गाची खरी अडचण आहे. म्हणून शाळांच्या केंद्राच्या पातळीवर ते बदलून देणारा माणूस आणि शाळेचे वीजबिल, या दोन्हींची तरतूद या साहित्याच्या खरेदीच्या वेळीच हवी. आणि निविदेपूर्वीची चाचणी तंत्रस्नेही शिक्षकाकडून घेऊ नये. फोनला बिचकणाऱ्या त्या बाईंच्या वर्गात घ्यावी, मदतीला कुणीही उभे न राहता.