क्रीडा धोरणाची सुनावणी तालुक्यात घ्या

१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती’ मंजूर केली. देशाचं पहिलं क्रीडा धोरण १९८४ चं, दुसरं २००१ चं, आणि हे तिसरं तब्बल चोवीस वर्षांनी आलं. २००१ मध्ये पाचवीत असलेल्या माझ्या विद्यार्थिनी आज स्वतःच्या मुलींना शाळेत सोडायला येतात.

मसुद्यावर २०२४ मध्ये लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. राज्यं, क्रीडा महासंघ, खेळाडू, तज्ज्ञ अशा सगळ्यांशी चर्चा झाल्याचं केंद्राने सांगितलं आहे. चर्चा झाली याचा मला आनंदच आहे. पण संकेतस्थळावरचा मसुदा वाचून सूचना पाठवणारा माणूस आणि पोरीला सायकलवर बसवून मैदानावर आणणारा बाप, हे सहसा एक नसतात. माझी सगळी नोकरी फलटण तालुक्यात क्रीडाशिक्षिका म्हणून झाली. त्या बापाकडे सांगण्यासारखं किती असतं, ते मी ऐकलेलं आहे.

खेळ हा घटनेनुसार राज्यांचा विषय. राज्यांनी आपापली धोरणं नव्याने आखावीत, अशी अपेक्षा ‘खेलो भारत नीती’तच आहे. महाराष्ट्राने आपलं क्रीडा धोरण २०१२ मध्ये केलं होतं. ते नव्याने लिहिताना सरकारने तालुक्या-तालुक्यात जाऊन लोकांना विचारावं, एवढं माझं मागणं आहे.

फलटणला काय विचारायचं, असं कुणाला वाटत असेल तर आमच्या तालुक्याकडे बघा. आसूची वैष्णवी फाळके हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघात होती. वाखरीची अक्षता ढेकळे २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ज्युनियर विश्वचषक खेळली. फलटणची ऋतुजा पिसाळ २०२३ च्या ज्युनियर आशिया चषक विजेत्या संघात होती. सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. त्याचे आईवडील मजुरी करायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी त्याला हेरलं, पळायला लावलं आणि क्रीडा प्रबोधिनीपर्यंत पोहोचवलं. धनुष्य त्याच्या हाती आलं ते त्यानंतर. त्या वर्षी त्या शिक्षकांची बदली झाली असती तर? एका माणसाच्या नजरेवर असं सगळं अवलंबून राहू नये, म्हणून तर धोरण लागतं.

पोहोचलेल्यांची नावं आपल्याला पाठ असतात. मला काळजी आहे ती सुटून गेलेल्या मुलींची. आठवी-नववीत त्या एकेक करून मैदानावर यायच्या बंद होतात. कारणं अगदी साधी असतात. शाळा सुटते पाचला, सराव संपतो साडेसहाला आणि गावाकडची एसटी तोवर निघून गेलेली असते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, ही फार मोलाची सोय आहे; पण सरावानंतर गाडीच नसेल तर पास दप्तरातच राहतो. मैदानाजवळ कपडे बदलायला आडोसा नसतो. पाळी सुरू झाली की आई म्हणते, ‘आता पुरे झालं, बाई.’ मला त्या आईचा कधी राग आला नाही. अंधारात मुरमाच्या रस्त्याने पोरगी एकटी येणार असेल तर मीही तेच म्हटलं असतं. मग दहावीचं वर्ष येतं आणि खेळाचा तास गणिताला जातो. ज्या मुली टिकतात त्यातल्या एखादीचा गुडघा दुखावतो. उपचाराचा खर्च बघून घरचे हबकतात आणि तिची स्टिक माळ्यावर जाते.

यातली एकही गोष्ट महासंघाचा पदाधिकारी सांगणार नाही, कारण ती त्याच्यापर्यंत जातच नाही. ती सांगू शकते ती आई. आणि तिला विचारायची जागा आपल्या राज्यात आधीपासून आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. राज्याच्या धोरणाचा मसुदा सोप्या मराठीत दोन पानांवर छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, महिला सभेत वाचून दाखवा आणि ग्रामसभेत त्यावर ठराव घ्या. मग तालुका क्रीडा अधिकाऱ्यांनी ते ठराव घेऊन तालुक्यात खुली सुनावणी ठेवावी. त्या सुनावणीला एसटीचे आगारप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारीही समोर बसलेले हवेत. क्रीडा खातं एकटं साडेसहाची गाडी सोडू शकत नाही.

वेळ लागेल, खर्च होईल, तक्रारींचा पाऊस पडेल, असं अधिकारी म्हणतील. तक्रारी येतीलच, आणि त्या लिहून घेतल्याच पाहिजेत. कायद्यांच्या मसुद्यांसाठी केंद्राने २०१४ मध्येच ठरवलं आहे की मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा आणि आलेल्या प्रतिक्रियांचा सारांश प्रसिद्ध करायचा. हाच नेम राज्याच्या क्रीडा धोरणाला लावावा. कोणत्या गावाने काय सुचवलं, त्यातलं काय घेतलं आणि जे घेतलं नाही ते का, हे छापून त्या गावाला कळवावं. एकदा उत्तर मिळालं की पुढच्या वेळी माणसं आपण होऊन येतात. सूचना देऊन वर्षभर काहीच कळलं नाही तर पुन्हा कुणी फिरकत नाही.

धोरणाला मुदतही हवी. कॅनडाने २००२ मध्ये क्रीडा धोरण केलं आणि देशभर चर्चा करून २०१२ मध्ये नवं आणलं. आपण चोवीस वर्षं थांबलो. राज्याने दर दहा वर्षांनी धोरण नव्याने लिहायचं आणि मध्ये पाचव्या वर्षी तालुक्यात येऊन हिशेब द्यायचा, असं त्या धोरणातच लिहून टाकावं. २०३६ च्या ऑलिंपिकचं यजमानपद भारताला हवं आहे. त्या वर्षी मैदानात उतरतील त्यातल्या कितीतरी मुली आज प्राथमिक शाळेत आहेत.

क्रीडामंत्र्यांना माझी विनंती आहे की पहिली सुनावणी फलटणला ठेवावी. ती रविवारी सकाळी ठेवा. त्या दिवशी मुली मोकळ्या असतात, आयांना दुपारच्या आत घरी परतता येतं आणि गावाकडच्या गाड्याही मिळतात. खेळ सोडलेल्या मुलींना नावानिशी निमंत्रण द्या. त्यांची नावं शाळांच्या जुन्या स्पर्धा-अर्जांवर आहेत. क्रीडाशिक्षक काढून देतील.