तुंबलेली मोरी आणि ॲसिडची बाटली

फाल्गुन संपत आला की घरोघरी पाडव्याची साफसफाई आणि उन्हाळी वाळवणं सुरू होतात. नेमकी तेव्हाच मोरी तुंबते. कुरडयांचा चीक, तळणीचं तेल, केसांचे गुंते, सगळं त्याच पाइपात जातं.

इथवर डॉक्टरचा काही संबंध नाही. आधी ॲसिड ओतलं आणि 'अजून पाणी जात नाही' म्हणून वर ब्लीच टाकलं, की येतो. या दोन्हींतून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो डोळे, घसा, फुफ्फुसं भाजून काढतो. दम्याच्या रुग्णाला तर थोडासाही पुरतो. माझं मत स्पष्ट आहे : मोरीसाठी ॲसिड घरात आणूच नका. (आणि ते पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणं? त्याबद्दल काय बोलावं!)

चिकाची भांडी आणि तेलकट कढई आधी कागदाने पुसा, मग धुवा. मोरीला जाळी लावा. तुंबलीच तर रबरी पंप मारा, नाहीतर सिंकखाली बादली ठेवून ट्रॅप उघडा; बरेचदा घाण तिथेच अडकलेली असते. मात्र आधीच ॲसिड किंवा पावडर टाकली असेल तर पंप मारू नका, ते तोंडावर उडतं.

डोळ्यात उडालंच तर वाहत्या पाण्याने किमान 20 मिनिटं धुवा, मग दवाखाना. मुलाने प्यायलं तर उलटी काढू नका. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालयात जा.