चुकाऱ्यातला राखीव वाटा

यवतमाळच्या शेतकऱ्याला बचत शिकवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं, असं शेतकरी चळवळीतले मित्र म्हणतात. त्यांचा राग रास्त आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवलं, ते काय उधळपट्टीपायी? लग्नात जेवणावळी घालता म्हणून बुडता, असं ऐकवणाऱ्यांनी जूनमध्ये कृषी केंद्राच्या काउंटरवर तासभर उभं राहावं. घरात लग्न कधीतरी निघतं. बियाणं, खत आणि फवारणीची उधारी दर खरिपाला ठरलेलीच.

पण यावरून ‘भाव मिळाल्याशिवाय बचतीचं बोलू नका’ असा निष्कर्ष काढला जातो, तो मला साफ अमान्य आहे. भाव आपल्या हातात नाही, म्हणूनच गाठीला पैसा हवा. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि दोन हंगामांत सात हजारांच्या आसपास घसरला. गाठ रिकामी असलेला शेतकरी अशा पडत्या वर्षी दोनदा मार खातो. उधारीवर घेताना दुकानदार देईल त्या कंपनीचं पाकीट, तो सांगेल तो दर. मग दिवाळीच्या तोंडाशी वेचाईची मजुरी आणि उधारी भागवायला पहिल्या वेच्याचा कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. ओलावा किती, हे तोच ठरवतो. भारतीय कापूस महामंडळाचं, म्हणजे सीसीआयचं, खरेदी केंद्र उघडेपर्यंत थांबायला घरात महिनाभराचा खर्च लागतो. २०२४-२५मध्ये लांब धाग्याला ७,५२१ रुपये हमीभाव होता. पण थांबण्याची ऐपत नसेल तर तो कागदावरच राहतो.

सुगीत राखून पडत्या वर्षी वापरायचं, हे आपल्याला नवं नाही. १९७२ला सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत चढउतार निधी होता तो याचसाठी. पुढे आगाऊ बोनसची राजकीय चढाओढ लागली, योजना तोट्यात रुतली. राखीव पैसा मोडून लोकप्रियता विकत घेतली गेली, याचा मला आजही संताप येतो.

राखून ठेवण्याचा तोच नियम गावोगावच्या बचत गटांतल्या बायांनी मात्र जपला आहे. सतरंजीवर बसून ठरलेली रक्कम मोजायची, रजिस्टरात नोंदवायची, सही किंवा अंगठा द्यायचा. निंदणाचं काम असो की नसो, हप्ता चुकत नाही. मजुरी करणाऱ्या बाईला हे जमतं, तर विकलेल्या कापसाचा चुकारा घेणाऱ्या घराला का जमू नये?

म्हणून हमीभावाची लढाई लढतानाच पुढच्या खरिपाचं बियाणं आणि खत यांचे पैसे पहिल्या चुकाऱ्यातूनच, घरच्या बाईच्या नावे, वेगळ्या खात्यात पडले पाहिजेत. भाव चढला त्या वर्षी तर दुपटीने. बँकांनी ते पैसे परस्पर कर्जखात्यात वळते करू नयेत, ही मागणी कर्जमाफीच्या मोर्चातही तितक्याच मोठ्या आवाजात झाली पाहिजे.